घरच्या घरी नववी ते बारावीचं रसायनशास्त्र: गोव्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यात बावीस वर्षं मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. नोकरी सोडल्यावर भाच्याला दोन वर्षं घरीच शिकवलं, आणि आता रविवारी सकाळी आसपासची चार-पाच मुलं आमच्या सोप्यावर येऊन बसतात. त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं एकत्र केले आहेत. काहींची मुलं शाळेत जातात आणि घरी फक्त जोड हवी असते. काहींनी शाळा सोडून घरीच शिकवायचं ठरवलं आहे. उत्तरं दोघांसाठीही आहेत.

मला स्वतःला रसायनशास्त्र येत नाही. मी मुलीला शिकवू शकेन का?

नववी-दहावीपर्यंत नक्की शिकवू शकाल. अकरावीपासून कुणा जाणत्याची अधूनमधून मदत लागेल, पण घरातली रोजची बाजू तरीही तुम्हीच सांभाळू शकता. मुलीच्या शेजारी बसून तीन प्रश्न विचारायचे: आधी काय होतं? आता काय दिसतंय? आणि किती? पहिले दोन प्रश्न बहुतेक पालक विचारतात. तिसरा राहून जातो, आणि रसायनशास्त्र खरं म्हणजे तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं. किती ग्रॅम घातलं, किती मिनिटं लागली, किती उरलं, हे वहीत लिहिल्याशिवाय प्रयोग संपला असं मानू नका.

शाळेत मला एक गोष्ट सतत टोचायची. संगमरवर आणि आम्ल यांचं संतुलित समीकरण धडाधड लिहिणाऱ्या मुलांनी शिंपल्यावर विनेगर पडताना येणारे बुडबुडे कधी पाहिलेलेच नसायचे. तिसऱ्यांची टरफलं गोव्यातल्या कुठल्या घरात नसतात? ज्या घरात मासे चालत नाहीत तिथं अंगणातला शंख चालेल.

सुरुवात पुस्तकापासून करावी की प्रयोगापासून?

प्रयोगापासून. त्याच संध्याकाळी पुस्तकातला तो धडा उघडायचा. दोन्हींत आठवड्याचं अंतर पडू देऊ नका, नाहीतर प्रयोग जादूच्या खेळासारखा लक्षात राहतो आणि धडा वेगळाच पाठ होतो.

घरी प्रयोगशाळा करायला काय काय लागतं?

फार कमी. सगळ्यात आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. काही शे रुपयांत मिळतो. बाकी सगळं नंतर घेतलं तरी चालेल, पण काटा आधी हवा. मग औषधाच्या दुकानातून सुईशिवायच्या १० मिलिलिटरच्या तीन-चार सिरिंज, तीन-चार साधे काचेचे ग्लास, गाळायला जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा गाळणकागद, डोळ्यांना संरक्षक चष्मा, रबरी हातमोजे. थर्मामीटर डिजिटल घ्या. पाऱ्याचा घरात नको.

पदार्थ: विनेगर, खाण्याचा सोडा, पानाचा चुना, हळद, आमसुलं, जाडं मीठ, लोखंडी खिळे आणि थोडं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. स्वयंपाकाची भांडी प्रयोगाला वापरायची नाहीत आणि प्रयोगाची भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि शेवटपर्यंत पाळा.

घरात मुळीच करू नयेत अशा गोष्टी कोणत्या?

तीव्र सल्फ्युरिक किंवा नायट्रिक आम्ल घरात आणू नये. सोडियम, पारा, कॉस्टिक सोडा यांचे प्रयोग घरी नकोत. स्पिरिटचा दिवा मोठं माणूस समोर नसताना पेटवू नये.

सगळ्यात मोठा धोका मात्र बाहेरून आणलेल्या बाटलीत नसतो. तो आपल्या न्हाणीघरातच असतो. संडास धुण्याच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र झाली की क्लोरीन वायू निघतो. माझ्या भाच्यानं एकदा ‘दोन्ही घातलं तर जास्त स्वच्छ होईल’ म्हणून तेच केलं. खिडकी उघडी होती, तो लगेच बाहेर आला, तरी दोन दिवस खोकत होता. त्या दिवसापासून मी पहिला धडा घरातल्या बाटल्यांवरची लेबलं वाचण्याचा घेते. कशात काय आहे, काय कशात मिसळायचं नाही, हे मुलं स्वतः वहीत लिहितात.

आम्ल पातळ करायचं असेल तर आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. डोळ्यात काही उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

मोल ही कल्पना काही केल्या मुलाच्या डोक्यात शिरत नाही. कशी समजावू?

बाजारातून सुरू करा. आपल्याकडे नारळ शेकड्यानं विकतात आणि सुपारी किलोनं. नारळ मोजता येतात, पोतंभर सुपाऱ्या मोजत कोण बसणार? पण एका सुक्या सुपारीचं सरासरी वजन माहीत असेल तर पोतं काट्यावर ठेवून आत किती सुपाऱ्या आहेत ते सांगता येतं. मुलाला खरंच वीस सुपाऱ्या देऊन सरासरी काढायला लावा, मग एक मोठी पिशवी वजन करून संख्या सांगू द्या, आणि शेवटी मोजून पडताळू द्या. रसायनशास्त्रज्ञ रेणूंच्या बाबतीत तेच करतात. मोजता येत नाहीत म्हणून वजन करतात.

मग टेबलावर तीन वाट्या मांडा. एकीत १८ ग्रॅम पाणी, दुसरीत ५८.५ ग्रॅम मीठ, तिसरीत ३४२ ग्रॅम साखर. पाणी तळाशी जेमतेम, साखर वाटीबाहेर सांडायला आलेली. तिन्हींत एकेक मोल आहे. शेकडा म्हणजे शंभर, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. शंभर नारळ आणि शंभर सुपाऱ्या वजनाला सारख्या नसतात, तसंच हे. २०१९ सालापासून ही संख्या व्याख्येनंच पक्की केलेली आहे. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बनवरून ठरायची. हा तपशील दहावीच्या मुलाला नको, बारावीच्या मुलाला जरूर सांगा.

समीकरणं संतुलित करता येतात, पण त्यांचा उपयोग कळत नाही. ‘लिमिटिंग रिएजंट’, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ, कसा शिकवू?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

आमच्या सासरी सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग आहे. पोफळींना पावसात कोळेरोग येतो, कोवळी सुपारी कुजून गळते. म्हणून पाऊस लागण्याआधी आणि मग साधारण दीड महिन्यानं बोर्डो मिश्रण फवारतात. प्रमाण सगळ्यांना पाठ: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात कालवून मग एकत्र करायचं, भांडं लोखंडी नको.

लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात सासूबाईंनी मला एक गोष्ट दाखवली. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, मी एमएस्सी होऊन आलेली. मिश्रण ढवळून झाल्यावर त्यांनी घासून लख्ख केलेला कोयता त्यात बुडवला, थोडा वेळ धरला आणि बाहेर काढला. पात्यावर तांबूस थर आला होता. “चुना उणा पडला,” त्या म्हणाल्या, आणि आणखी चुन्याची निवळी ओतली. पुन्हा कोयता बुडवला. या वेळी पातं स्वच्छ.

नववी-दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून द्रावणात मोकळं कॉपर सल्फेट उरलं असेल तर लोखंड त्याची जागा घेतं आणि तांबं पात्यावर बसतं. मोकळं तांबं उरलं म्हणजे चुना कमी पडला. असं मिश्रण फवारलं तर पानं आणि सुपारी करपतात. मी वर्षानुवर्षं खिळा आणि मोरचुदाचा प्रयोग शिकवला होता. तो कुणाच्या पिकावर बेतलेला असू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

आता हेच मुलांना मोजायला लावा. मोरचुदाच्या स्फटिकात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात, म्हणून त्याचा एक मोल सुमारे २५० ग्रॅम. एक किलोत चार मोल. विझवलेल्या चुन्याचा एक मोल ७४ ग्रॅम, म्हणजे एक किलोत साडेतेरा मोल. अभिक्रियेत एकास एक लागतात. म्हणजे कागदावर चार मोल चुना, जेमतेम तीनशे ग्रॅम, पुरायला हवा! तिपटीहून जास्त चुना हातात असताना सासूबाईंना चुना कमी कसा पडला?

इथं थांबा. उत्तर सांगू नका. मुलांना दोन दिवस विचार करू द्या. आमच्याकडच्या एका मुलीनं पानाच्या चुन्याची डबी उघडी ठेवून बघितली आणि तिसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की वर कडक साय येते. तिथंच उत्तर आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. बाजारात महिनोन्महिने पडून राहिलेल्या पिशवीत नावालाच चुना असतो. शिवाय चुना पाण्यात फार कमी विरघळतो आणि त्यात खडे-मातीही असते. म्हणून प्रमाण ढोबळ ठेवायचं आणि निर्णय कोयत्यावर सोपवायचा.

घरी करताना एक ग्रॅम मोरचूद ५० मिलिलिटर पाण्यात आणि एक ग्रॅम चुना ५० मिलिलिटर पाण्यात घ्या. चुन्याचं पाणी मोरचुदात थोडं थोडं घालत जा आणि प्रत्येक वेळी घासलेला खिळा बुडवून बघा. कुठल्या थांब्यावर खिळा स्वच्छ राहतो ते लिहा. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, लहान भावंडांना लांब ठेवा. उरलेलं द्रावण ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आधी त्यात भांडी घासायची लोखंडी काथ टाकून रात्रभर ठेवा, तांबं तिच्यावर उतरतं.

जाता जाता: हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं. द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर बागायतदार निळसर काहीतरी शिंपडायचे. त्या वेलींना रोग होत नाही हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्यानं ते जगापुढे ठेवलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

आम्ल-आम्लारीसाठी लिटमस आणावा लागेल का?

आणा, स्वस्त असतो. पण त्याआधी आमसूल कोमट पाण्यात भिजवा. भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे, आणि ती आम्ल-आम्लारीप्रमाणे रंग बदलतात. त्या पाण्यात सोडा घाला. पहिल्या चिमटीला नुसता फेस येईल, रंग तसाच राहील, आणि मूल हिरमुसेल. आमसुलात आम्ल इतकं असतं की आधी ते संपावं लागतं. घालत राहा. लाल जांभळट होईल, मग निळसर-हिरवटाकडे झुकेल. किती चिमट्या लागल्या? नाही, किती ग्रॅम लागले?

जास्वंदीचं फूलही उत्तम. हळदीचा प्रयोग तर प्रत्येकानं कपड्यावर केलेलाच असतो: हळदीच्या डागाला साबण लागला की लाल. इथं मी नेहमी सांगते की जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. त्या वेळी सीएसआयआरचे प्रमुख होते रघुनाथ माशेलकर, जन्म माशेलचा. आमच्या इथून माशेल जवळच, त्यामुळे मुलांचे डोळे मोठे होतात.

टायट्रेशन, म्हणजे आम्लारी थेंब थेंब घालून आम्ल किती ते मोजणं, घरी जमतं का?

जमतं, आणि छान जमतं. सोडा-विनेगरचं करू नका, फेसामुळे शेवट नीट कळत नाही. चुन्याची निवळी वापरा.

पानाचा चुना पाण्यात ढवळून झाकून रात्रभर ठेवा. वरचं स्वच्छ पाणी अलगद काढा. चष्मा घालूनच, चुन्याचं पाणी डोळ्याला फार वाईट. विनेगर वीसपट पातळ करा, म्हणजे ५ मिलिलिटरचं १०० करा. त्यातलं १० मिलिलिटर ग्लासात घ्या, हळदीच्या अर्काचे दोन-तीन थेंब टाका आणि सिरिंजनं निवळी थेंब थेंब सोडा. पिवळ्याचा तांबूस रंग झाला आणि ढवळूनही टिकला की थांबा. बाटलीवर चार टक्के लिहिलेलं विनेगर असेल तर साधारण साडेसात मिलिलिटर निवळी लागते. तुमची निवळी उघडी राहिली असेल तर जास्त लागेल. का, ते मुलाला वरच्या उत्तरावरून सांगता यायला हवं.

मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माडाच्या सुरेचं विनेगर आणा आणि तेच पुन्हा करा. दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तरावरून घरच्या विनेगरात आम्ल किती टक्के ते निघतं. प्रत्येक टायट्रेशन तीनदा. तीन आकडे अर्ध्या मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत करत राहायचं, आणि न जुळलेले आकडेही वहीतून खोडायचे नाहीत.

पावसाळ्यात जाडं मीठ पाझरतं, पिशवीतलं बारीक मीठ का नाही?

हा प्रश्न एका आजोबांनी विचारला होता, नातवासाठी. त्यावर पूर्ण महिना काढता येतो.

पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत. गावाच्या नावातच आगर आहे. उन्हाळ्यात एकदा मुलांना घेऊन जा. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत घेतात आणि एका खणातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, सगळे मिठाचे नव्हेत. पाणी आटत जाताना आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम खाली बसतं, त्यानंतर मीठ. मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. थोडं कडवट पाणी मिठाच्या खड्यांना चिकटून येतं, त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून जाडं मीठ पाझरतं. शुद्ध मीठही ओलं होतं, पण हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्यावर. जुलैत आपल्याकडे ती त्याहून वर असतेच. बारीक मिठात खडे धरू नयेत म्हणून वेगळं द्रव्यही घातलेलं असतं.

घरी करायचं तर बारीक मिठाचं संपृक्त द्रावण बनवा, म्हणजे आणखी मीठ विरघळेनासं होईपर्यंत. त्यात जाडं मीठ धुवा. मीठ विरघळणार नाही, मॅग्नेशियम निघून जाईल. धुतलेलं आणि न धुतलेलं वाळवून शेजारी शेजारी ठेवा, रोज वजन करा. ऑक्टोबरात केलेलं बरं. आणि मे महिन्यात मिरामारचं १०० मिलिलिटर पाणी आटवून वजन घ्या, तेच जुलैअखेर घ्या. मांडवीला पूर आल्यावरचा आकडा बघून मुलं स्वतःच कारण सांगतात.

मूल इंग्रजी माध्यमात आहे, आम्ही घरी मराठी बोलतो. कुठल्या भाषेत शिकवू?

गोव्यातली ही नेहमीची स्थिती आहे. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून इंग्रजी. मूल इंग्रजी शब्द पाठ करतं, पण त्या शब्दाखाली काही नसतं. माझा सल्ला: समजून घेणं मराठीत, उत्तर लिहिणं परीक्षेच्या भाषेत. वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे प्रयोगात काय झालं ते मूल घरी बोलतं त्या भाषेत, उजवीकडे तेच इंग्रजीत.

मराठी पारिभाषिक शब्दांना घाबरू नका. पुष्कळ शब्द स्वतःच अर्थ सांगतात. ऊर्ध्वपातन: वाफ वर जाते आणि थंड होऊन खाली पडते. विद्युत अपघटन: विजेनं तोडणं. संपृक्त: पूर्ण भरलेलं. ‘क्षपण’ मात्र काहीच सांगत नाही. तिथं मी सरळ ‘रिडक्शन’ म्हणते. ज्या शब्दानं उजेड पडतो तो घ्यावा.

एक सापळा लक्षात ठेवा. मराठीत ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून होणारा पदार्थ, मिठासारखा. हिंदीत त्याला ‘लवण’ म्हणतात, आणि हिंदीतला ‘क्षार’ म्हणजे आम्लाच्या विरुद्ध बाजूचा. मुलं हिंदी व्हिडिओ बघतात आणि इथं हमखास गोंधळतात. दोन्ही भाषांतले शब्द एका तक्त्यात लिहून भिंतीवर लावा.

बालभारतीची नववी-दहावीची मराठी विज्ञानाची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. अभ्यासक्रम वेगळा असला तरी शब्दांसाठी ती उघडून बघा. ‘फेट’ या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संगणकी खेळांपैकी बरेच मराठीतही आहेत; समीकरणं संतुलित करायचा खेळ मुलं तासन्‌तास खेळतात.

कार्बनी रसायनशास्त्र घरी कसं करायचं? काजूची भट्टी दाखवावी का?

दाखवावी, ओळखीची असेल तर, मार्च-एप्रिलात. मोठ्या माणसानं बरोबर जावं. घरी दारू गाळणं हा मात्र प्रयोग नव्हे. त्याला परवाना लागतो आणि धोका आहे.

भट्टीवर बघण्यासारखं पुष्कळ असतं. बोंडांचा रस दोन-तीन दिवस आंबतो, म्हणजे यीस्ट साखरेचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. भांड्यावरचे बुडबुडे त्याचेच. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० ला, म्हणून वाफेत इथेनॉलचं प्रमाण जास्त. पहिल्या गाळणीला हुर्राक, साधारण १५ टक्के. ती पुन्हा रसात मिसळून गाळली की फेणी, ४२-४५ टक्क्यांच्या आसपास. एकदा गाळून सगळं पाणी का जात नाही, हा प्रश्न मुलानं तिथं उभं राहून विचारला तर भागशः ऊर्ध्वपातनाचा (फ्रॅक्शनल डिस्टिलेशनचा) धडा अर्धा झालाच. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

घरात खोबरेल आहेच. डिसेंबरातल्या पहाटे बाटलीत गोठतं, कारण ते २४ अंशांच्या आसपास वितळतं. शेंगदाण्याचं तेल शेजारी ठेवा, ते पातळच राहतं. संपृक्त आणि असंपृक्त मेदाम्लांचा फरक इथून सुरू करा. सूत्रं आणि नामकरण मात्र कागदावरच, भरपूर सरावानं. त्याला पळवाट नाही.

आवर्तसारणी पाठ करून घ्यावी का?

पहिली वीस मूलद्रव्यं, हो. बाकीची वापरता वापरता बसतात.

गणित कच्चं आहे, तरी जमेल?

त्रैराशिक, टक्केवारी आणि घातांक एवढं पक्कं करा. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत लागतं ते एवढंच. घातगणक (लॉगरिदम) पुढे सामूच्या, म्हणजे पीएचच्या वेळी येतात, तेव्हा शिकवा.

शाळा सोडून घरीच शिकवतो आहोत. परीक्षा आणि प्रात्यक्षिकांचं काय?

बहुतेक कुटुंबं एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा देतात. माध्यमिकला किमान वय १४, उच्च माध्यमिकला १५, आणि उच्च माध्यमिकसाठी दहावी उत्तीर्ण हवी. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. उच्च माध्यमिकच्या रसायनशास्त्रात ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे.

त्या वीस गुणांसाठी खरी प्रयोगशाळा हवीच. क्षार-परीक्षण, म्हणजे अज्ञात क्षारातले आयन ओळखणं, घरी शिकवू नका. त्यातली रसायनं घरात ठेवण्यासारखी नाहीत. अभ्यासकेंद्रात काय सोय आहे ते प्रवेश घेतानाच विचारा, शेवटच्या महिन्यात नव्हे. एका केंद्रावर आमच्या भाच्याला प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा ब्युरेट, म्हणजे टायट्रेशनची खुणा असलेली काचनळी, हातात मिळाली. घरी सिरिंजनं केलेल्या तीसेक टायट्रेशनमुळे त्याचा हात बसलेला होता, म्हणून निभावलं. जवळच्या हायर सेकंडरीत ओळखीचे शिक्षक असतील तर सुटीत चार-पाच दिवस प्रयोगशाळा वापरू द्याल का असं विनंतीपत्र द्या. माझ्या अनुभवात दोन ठिकाणी नकार मिळतो, तिसरीकडे दार उघडतं.

तोवर अमृता विश्वविद्यापीठ आणि सी-डॅक यांनी केलेल्या ‘ओलॅब्ज’ संकेतस्थळावर क्षार-परीक्षणाचा क्रम पडद्यावर गिरवता येतो. हात बसत नाही, क्रम मात्र बसतो.

जेईई-नीटची तयारी घरी होईल?

एनसीईआरटीचं पुस्तक ओळीन् ओळ आणि जुन्या प्रश्नपत्रिका, इतपत घरी नक्की होतं. स्पर्धेच्या वेगाचा सराव हवा असेल तर शेवटच्या वर्षी शिकवणी लावायला हरकत नाही. पण नववीपासून लावू नका.

आठवड्याला किती वेळ द्यावा?

नववी-दहावीला तीन-चार तास, त्यातला एक सलग दोन तासांचा, प्रयोगासाठी. अकरावीनंतर रोज एक तास.

प्रयोग फसला तर मुलाला काय सांगू?

काही सांगू नका, वही मागा. दोन वर्षांपूर्वी आम्ही गंजण्याचा नेहमीचा प्रयोग लावला: एक खिळा कोरड्या बाटलीत, एक उकळून गार केलेल्या पाण्यात तेलाच्या थराखाली, एक साध्या पाण्यात. पुस्तकाप्रमाणे फक्त तिसरा गंजायला हवा होता. आठवड्यानं तिन्ही गंजलेले. मुलं नाराज झाली. वही उघडली तर तारीख होती २१ जून, आणि कोरड्या बाटलीचं झाकण त्या दिवशी सापडलं नव्हतं, ही नोंदही होती. दुसऱ्या बाटलीबद्दल एका मुलानं लिहिलं होतं: ‘पाणी उकळलं, मग ओतताना खूप उंचावरून ओतलं.’ ओतताना त्यात पुन्हा हवा मिसळली होती. मग त्यांनीच ठरवलं की या वेळी पाणी बाटलीतच गरम करून न हलवता गार करायचं, आणि कोरड्या बाटलीत भाजलेले तांदूळ घालून झाकण मेणानं बंद करायचं. दुसरी फेरी दसऱ्यापर्यंत चालली. तीच वही आता नवीन मुलांना मी पहिल्या रविवारी वाचायला देते.